निळा बाई की बुवा? सांगलीतलं रंगांचं प्रदर्शन बघून डोकं फिरलंय

विश्रामबागची_आई

मंडळी, सांगलीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये अमूर्त चित्रांचं आणि रंगशास्त्राचं प्रदर्शन लागलंय ते कुणी बघितलं का? म्हणजे अगदी सुरुवातीची अमूर्त चित्रं, १९०६ पासून ते १९३० च्या आसपासची, मूळ नाहीत ओ, प्रिंट्सच आहेत पण मोठ्या आहेत आणि शेजारी मराठीत बोर्ड लावलेत. पोरगा यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतोय, त्यांच्या सरांनी सगळ्या वर्गाला बघून या म्हणून सांगितलं, म्हणून आम्ही गेलो, सासूबाईपण आल्या.

चित्रं कळली नाहीत त्याचं काही नाही, माझी अडचण बोर्डांची आहे. हिल्मा आफ क्लिंट म्हणून स्वीडनची बाई, तिच्या चित्राशेजारी लिहिलंय की तिच्या हिशोबात निळा म्हणजे स्त्री आणि पिवळा म्हणजे पुरुष. बरं म्हणलं. पुढच्याच भिंतीवर फ्रान्झ मार्क, तो निळ्या घोड्यांवाला जर्मन, त्याने १९१० मध्ये मित्राला पत्र लिहिलं त्यात निळा पुरुष, पिवळा स्त्री, आणि लाल म्हणजे जड, रासवट असं काहीतरी. दोघं एकाच काळातले आणि बरोब्बर उलटं! त्याच्या पुढं कांडिन्स्की, रशियन चित्रकार, तो म्हणतो पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ. तिथं सासूबाई मोठ्यांदा म्हणाल्या "वर्तुळ निळं कसलं, कुंकू काय निळं लावतात होय?" आणि हॉलमधली सगळी पोरं हसायला लागली.

तर प्रश्न असा की हे लोक रंगांचे जे अर्थ सांगतायत त्याला काही आधार आहे का ज्याला जे वाटलं ते? पोरगा विचारतोय पेपरात आलं तर काय लिहू. आणि प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे, परत जायचं झालं तर नक्की बघायचं काय, कुणी जाणकार असेल तर सांगा.

कराडकर

आधारबिधार काही नाही ताई. मी कामाला सांगलीत आलो होतो तेव्हा डोकावलो तिथं. पांढऱ्यावर काळा चौकोन, झालं चित्र. आधी रंग फासायचा, मग अर्थ चिकटवायचा आणि आपण बोर्ड वाचत उभं राहायचं. तिकीट नव्हतं म्हणून राग आला नाही एवढंच.

ब्रशवाले_सर_तासगाव

कराडकर थांबा जरा, तुमच्या काळ्या चौकोनाकडं नंतर येतो.

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे म्हणलं तोच वाद बाउहाउसमध्ये झाला होता. बाउहाउस म्हणजे जर्मनीतली त्या काळची लय गाजलेली कला-शाळा, कांडिन्स्की १९२२ पासून तिथं शिकवायला होता. १९२३ ला त्याने तिथं एक फॉर्म वाटला, त्रिकोण-चौकोन-वर्तुळ छापलेलं, तीन आकार तीन रंग, कुठला कुठं ते भरा आणि का ते लिहा. बऱ्याच जणांनी त्याच्यासारखंच भरलं, आता मास्तरच विचारतोय म्हणल्यावर पोरं दुसरं काय भरणार. पण तिथल्याच ऑस्कर श्लेमरला वर्तुळ लालच वाटायचं, मावळत्या सूर्यासारखं. म्हणजे तुमच्या सासूबाई श्लेमरच्या पार्टीतल्या.

आता हे अर्थ आले कुठनं. ह्यातला एक धागा आपल्याला एकदम ओळखीचा आहे. ॲनी बेझंट, होमरूलवाल्या, १९१७ ला काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्याच. त्यांचं आणि लेडबीटर म्हणून एकाचं 'थॉट फॉर्म्स' नावाचं पुस्तक १९०५ ला आलं. थिऑसॉफी म्हणजे बेझंटबाई ज्यात होत्या तो अध्यात्मवाला पंथ, त्यांचं म्हणणं की माणसाच्या मनात विचार आला की त्याला आकार असतो आणि रंग असतो, फक्त तो बघायची दृष्टी लागते. मग भक्तीचा निळा, बुद्धीचा पिवळा, रागाचा लाल अशी रंगांची यादीच छापलीय त्यात, आणि पुढं चित्रं. ती चित्रं बघितली तर कुणीही म्हणेल ही अमूर्तच आहेत. कांडिन्स्कीने ते पुस्तक वाचलेलं होतं आणि हिल्माबाई थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभासदच होत्या. मार्क आपल्या डोक्याने चालला होता. म्हणजे प्रत्येकाची यादी वेगळी. धर्मातनं, वाचनातनं, स्वभावातनं आलेली. म्हणून त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि जुळवायचा प्रयत्न पण करू नका. पेपरात पोराने "निळा म्हणजे पुरुष" असलं काही लिहू नये, फार तर "मार्कच्या मते" म्हणून लिहावं.

पण कराडकर म्हणतात तसं सगळंच हवेत नाही बरं का. अर्थ खासगी आहेत, डोळा खासगी नाही. दोन रंग शेजारी ठेवले की दोघंही बदलतात, हे तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्या डोळ्याला सारखंच होतं. हे घरी करून बघा. राखाडी कार्डशीटची एक बोटभर रुंद पट्टी कापा. एक पिवळा घोटीव कागद, एक गडद निळा, शेजारी शेजारी चिकटवा आणि ती पट्टी मधोमध आडवी टाका, अर्धी पिवळ्यावर अर्धी निळ्यावर. पिवळ्यावरचं टोक काळपट आणि जरा जांभळट दिसायला लागेल, निळ्यावरचं उजळ आणि किंचित पिवळसर-नारिंगी. पट्टी एकच आहे हे माहीत असून दिसतं तसं. मग जोडावर, म्हणजे दोन कागद जिथं भिडतात तिथं, पट्टीवर जोडाच्या रेषेतच पेन्सिल ठेवा, फरक अजून वाढतो. पेन्सिल काढली की कमी होतो. माझ्या वर्गात पोरं पट्टी उचलून मागनं बघायची, सरांनी दोन तुकडे चिकटवलेत का म्हणून.

परत जाल तेव्हा हेच बघा. रंगाला अर्थ काय हे विचारू नका, त्याच्या शेजारी कोण आहे ते बघा. रॉबर्ट डेलोने या फ्रेंच चित्रकाराची १९१२ ची 'खिडक्या' नावाची चित्रं आहेत तिथं, त्यात एक नारिंगी तुकडा पकडा आणि बघा त्याला कुणाशेजारी बसवलंय. हातानं शेजारचा निळा झाका. नारिंगी लगेच थंड पडतो.

शालू_पैठणी

सर, तुम्ही शेव्हरलचं नावच घेतलं नाही! बोर्ड आहे की त्याचा, दाराशेजारी, कुणी वाचत नाही.

मी कापडपेठेतला आहे, तीन पिढ्या साड्यांचं दुकान, चित्रातलं मला काही कळत नाही पण तो बोर्ड मी दोनदा वाचला. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच केमिस्ट, पॅरिसला गोबेलँ म्हणून सरकारी विणकामाचा कारखाना होता तिथं १८२४ ला रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तक्रार काय आली तर काळा रंग फिका पडतोय, निळ्या-जांभळ्यात सावलीला वापरलेला काळा काळा दिसतच नाही. याने रंगाची तपासणी केली, दुसरीकडचा काळा आणून बघितला, आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं की काळा चांगला आहे, दोष शेजाऱ्याचा आहे. निळ्याशेजारी बसला की काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची झाक चढते आणि तो मळका वाटतो. त्याच्यावर त्याने १८३९ ला केवढा मोठा ग्रंथ लिहिला, आणि चित्रकार लोकांनी तो नंतर उचलला.

माझ्या धंद्याची गोष्ट पण त्याच ग्रंथात आहे. तो सांगतो की गिऱ्हाइकाला एकापाठोपाठ एक चौदा लाल कापडं दाखवली तर शेवटची सहा-सात त्याला पहिल्यापेक्षा निस्तेज वाटतात, कापड तसंच असलं तरी. डोळा लालला थकतो आणि त्याच्यात हिरवी झाक भरते. उपाय काय, तर मधे हिरवं दाखवा. आता माझे आजोबा लग्नाचा बस्ता दाखवताना लाल शालू चार-पाच झाले की गड्याला सांगायचे "ए, ती हिरवी काढ रे" आणि गिऱ्हाईक म्हणायचं अहो हिरवी नकोय आम्हाला, तर हे म्हणायचे बघायला काय पैसे पडतात होय. ती हिरवी कधीच खपायची नाही. पण पुढचा लाल शालू उघडला की बायका म्हणायच्या हा बघा, हा खरा लाल. आजोबा काय शेव्हरल वाचायला गेले नव्हते. पण मला त्या बोर्डापुढं उभं राहून घाम फुटला.

आणि ब्लाऊजपीसचं तर बोलायलाच नको. बाई घरी जाऊन फोन करते, दुकानात दाखवलेला हा रंग नाही. रंग तोच असतो, ताई त्याला पांढऱ्या चादरीवर बघत असतात आणि दुकानात तो मोरपंखीवर ठेवलेला असतो.

मार्केटयार्ड_हळद

ह्यात आमचं पण लिहा. हळद निळ्या ताडपत्रीवर ओतली की जी दिसते ती पोत्यावर ओतून दिसत नाही. म्हणूनच जुना खरेदीदार ढिगाकडं बघतच नाही, हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग बघतो, तोही हातावर धरून. बाकी सगळं नजरेचा खेळ. हे आम्हाला सौद्यात माहीत आहे, त्याच्यासाठी रशियन माणूस कशाला पाहिजे कळलं नाही.

जवारी_मिरज

हळदवाले, रशियन माणूस याच्यासाठी पाहिजे की त्याने हळकुंडच काढून टाकलं 😄 नुसता पिवळा ठेवला.

मी तंबोऱ्याच्या कामातला आहे. माझं सरांशी थोडं वाकडं आहे. प्रदर्शनात कांडिन्स्कीच्या बोर्डावर लिहिलंय की पिवळा म्हणजे ट्रम्पेट, फिका निळा बासरी, गडद निळा चेलो, हिरवा म्हणजे व्हायोलिनचे मधले शांत सूर. १९११ च्या शेवटी आलेल्या त्याच्या पुस्तकातलंच आहे ते. मी आधी म्हणलं चला, आपल्या लायनीतलं काहीतरी सापडलं. मग त्याच्याच शेजारच्या चित्रापुढं गेलो, 'इम्प्रेशन ३', कंसात 'कॉन्सर्ट' म्हणून. जानेवारी १९११ ला म्युनिकमध्ये शोनबर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या संगीताचा कार्यक्रम ऐकून आला आणि लगेच रंगवलं. वरच्या बाजूला काळा मोठा आकार, तो पियानो, आणि बाकी उजवीकडनं पिवळा असा लोटलाय की बास. आता गंमत बघा, त्या कार्यक्रमात वाजलं काय होतं, तंतुवाद्यांची चौकडी, पियानो आणि गाणं. ट्रम्पेट नव्हतंच! मग एवढा पिवळा कुठनं आला? म्हणजे त्याची यादी त्याच्या स्वतःच्या चित्राला लागू पडत नाही, दुसऱ्यांचं सोडा.

मी घरी येऊन शोनबर्गचे ते पियानोचे तुकडे लावले, १९०९ चे. कानाला लय त्रास झाला आधी. मग कळलं त्रास कशाचा होतोय, त्यात सा नाहीच. आपल्याकडं तंबोरा लागतो, सा कायम होतो, मग रे असो ग असो, प्रत्येक सुराला त्याच्यापासनं अंतर आहे, घर आहे. एकच पट्टी, पण सा बदला, कालचा म आजचा सा होतो. इथं घरच काढून घेतलंय, सुरांना नुसते शेजारी उरलेत. आणि असलं गाणं ऐकून हा माणूस इतका हरखला की शोनबर्गला पत्र लिहिलं आणि पुढं दोघांची दोस्ती झाली. मला वाटतं त्याला नेमकं तेच पटलं असणार. चित्रात झाड होतं, घोडा होता तोवर रंगाला सा होता, झाडाचा हिरवा, आभाळाचा निळा. ते काढल्यावर पिवळ्याला पिवळा कशाने म्हणायचं, तर शेजारच्या काळ्याने. त्या चित्रात काळा पियानो नसता तर तो पिवळा एवढा अंगावर आला नसता, बघा तिथं जाऊन.

सरांशी वाकडं एवढंच की अर्थ "खासगी" म्हणून सोडून देऊ नका. यादी चुकीची असली तरी ती डोक्यात होती म्हणून त्याने एवढं धाडस केलं. नुसता डोळ्याचा अभ्यास असता तर शेव्हरलनेच अमूर्त चित्रं काढली असती की.

ब्रशवाले_सर_तासगाव

हे मात्र मान्य. शेव्हरल शंभरी ओलांडून जगला, १७८६ ते १८८९, वेळ भरपूर होता त्याच्याकडं 😄

आता कराडकरांचा काळा चौकोन. मालेविच म्हणून रशियन चित्रकार, १९१५. मूळ चित्र साधारण ८० सेंटिमीटरचं, मॉस्कोत आहे. आणि मूळ चित्र नुसतं काळं नाहीय. वरचा थर सगळा तडकलाय आणि भेगांमधनं आतले रंग डोकावतात, कारण खाली दुसरं रंगीत काम आहे. २०१५ मध्ये क्ष-किरणाने तपासलं तेव्हा खाली दोन वेगळी चित्रं सापडली. पहिल्यांदा लावलं तेव्हा भिंतीवर नाही, खोलीच्या वरच्या कोपऱ्यात लावलं, रशियन घरात देवाची तसबीर जिथं लावतात बरोब्बर तिथं. लोक का भडकले ते आता समजलं का? आपल्या प्रदर्शनात त्याची प्रिंट डोळ्याच्या उंचीला, दोन खिडक्यांच्या मधे, वर ट्यूबलाईटची चकाकी. मग नुसता काळा चौकोन दिसणारच तो. संयोजकांवर माझा राग आहे तो याच्यासाठी. हिल्माबाईंच्या 'टेन लार्जेस्ट' मधलं एकेक चित्र तीन मीटरच्या वर उंच, १९०७ मध्ये कागद जमिनीवर पसरून टेम्परात, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगात काढलेलं, आणि इथं ते दाराएवढं पण नाही. त्या आकाराच्या चित्रापुढं माणूस उभा राहिला की रंग कडेनं पण दिसतात, नजरेच्या बाहेर जातात. छोटं केलं की ते नुसतं डिझाईन होतं, फुलांचं. छपाईत तो फिका जांभळा तर पार मेलाय.

औंधचा

सर, मूळ चित्र म्हणजे काय असतं ते बघायचं असेल तर सगळ्यांनी औंधला या, यमाईच्या डोंगरावर, भवानी संग्रहालय. अमूर्त नाही मिळणार पण रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मुलाचं छोटं शिल्प आहे, ते तर अर्ध्या वाटेवरचं अमूर्तच. लोक रविवर्मा बघून पुढं जातात, मूरपाशी कुणी थांबत नाही. छपाईतला रविवर्मा आपण कॅलेंडरवर बघितलेला असतो, मूळ चित्रातल्या साडीचा लाल बघून माणूस गप्प होतो.

अजून एक, बोर्डावर नाहीय म्हणून सांगतो. हे सगळे लोक आपल्याकडं तेव्हाच येऊन गेलेत, म्हणजे त्यांची चित्रं. डिसेंबर १९२२, कलकत्ता, इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं प्रदर्शन, त्यात कांडिन्स्की, क्ले, इटेन, फायनिंगर यांची मूळ कामं बाउहाउसमधनं आली होती, शेजारी आपल्या बंगाली चित्रकारांची. स्टेला क्रामरिश म्हणून कला-इतिहासकार बाईंनी जमवून आणलं. म्हणजे न्यूयॉर्कला अमूर्त चित्रांचं गुगनहाइमचं मूळ म्युझियम उघडलं १९३९ ला, त्याच्या कितीतरी आधी.

कराडकर

सर, वरच्या कोपऱ्यातलं मला माहीत नव्हतं, हे बोर्डावर पाहिजे होतं. पण एक सांगतो, चौकोनाला दोन पानं माहिती लागते आणि रविवर्म्याला लागत नाही, हा फरक राहतोच की.

शालू_पैठणी

रविवर्म्याला पण लागते ओ. दमयंती कोण, हंस कशाला आलाय, हे आजीने सांगितलेलं असतं म्हणून बोर्ड लागत नाही एवढंच.

विश्रामबागची_आई

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. पट्टीचा प्रयोग केला काल रात्री. पोराला घोटीव कागद मिळाला नाही म्हणून त्याने कॅमलिनचे पोस्टर कलर लावून कागद केले, प्रशियन ब्लू आणि लेमन यलो, आणि राखाडीसाठी वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी. पेन्सिल ठेवल्यावर सासूबाईंनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. ह्यांनी मोबाईलवर फोटो काढला तर फोटोत पण तसंच दिसतंय, म्हणाले मग कॅमेरा पण फसतोय का. पोरगा म्हणाला बाबा, कॅमेरा नाही फसत, फोटो बघणारे तुम्हीच आहात. सर, हे बरोबर आहे ना?

जवारीदादा, आम्ही रविवारी सकाळी परत जातोय, तो पियानो मी बघितलाच नव्हता, काळा डाग समजून पुढं गेले होते. तिथं गेल्यावर अंगठ्याने तो झाकून बघणार आहे, तिथले वॉचमन ओरडले तर तुमचं नाव सांगते.

ब्रशवाले_सर_तासगाव

पोराचं शंभर टक्के बरोबर आहे. त्याला म्हणावं फोटोतली पट्टी मोबाईलवर दोन्हीकडनं क्रॉप करून शेजारी शेजारी लाव आणि बाबांना दाखव. आणि प्रशियन ब्लू लावताना पाणी कमी घे, डाग पडतात.